बायको जास्त कमावत असेल तर घटस्फोटात नवऱ्याला पोटगी मिळते का?

फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या एका प्रकरणात निकाल दिला आणि ‘शिक्षिकेने माजी नवऱ्याला पोटगी द्यावी’ ही बातमी मोबाइलवरून फिरू लागली. लग्न 1992 चं, घटस्फोट 2015 चा. नवऱ्याने महिना 15,000 रुपये मागितले होते. नांदेडच्या कोर्टाने त्याच्या अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत महिना 3,000 रुपये द्यायला सांगितलं. ती रक्कम थकली, तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिच्या पगारातून दरमहा 5,000 रुपये कापून कोर्टात भरावेत असा दुसरा आदेश निघाला. उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश कायम ठेवले.

अशी बातमी आली की काहींना वाटतं, आता बायकोचा पगार जास्त असेल तर अर्ज करायचा आणि पैसे घ्यायचे. काहींना वाटतं, पुरुषाने बायकोकडे पोटगी मागणं हीच मुळात लाज. दोन्ही समजुतींमुळे नुकसान होतं. पहिलीमुळे माणसं खोट्या आशेवर वकिलांची फी भरत राहतात. दुसरीमुळे ज्याला खरोखर गरज आहे तो तोंड उघडत नाही.

थोडक्यात उत्तर असं: हो, नवऱ्याला पोटगी मिळू शकते. पण केवळ त्याचा पगार बायकोपेक्षा कमी आहे म्हणून मिळत नाही.

पोटगी दोन प्रकारची

हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यातलं कलम 24 हे दावा चालू असतानाच्या पोटगीचं. तिला अंतरिम पोटगी म्हणतात. घटस्फोटाचा खटला वर्षानुवर्षं चालतो, तोवर जगायचं कसं आणि वकिलाला द्यायचं काय, एवढ्यासाठी ती असते. निर्वाहाला आणि दाव्याच्या खर्चाला पुरेल असं स्वतंत्र उत्पन्न ज्याच्याकडे नाही, त्याने ती मागायची. कलमात ‘पत्नी किंवा पती’ असं स्पष्ट लिहिलं आहे.

कलम 25 कायम पोटगीचं. ती घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या अंतिम निर्णयाच्या वेळी किंवा त्यानंतर कधीही मागता येते. एकरकमी मिळू शकते, दरमहा मिळू शकते. इथेही ‘पत्नी किंवा पती’ हेच शब्द आहेत. कोर्ट दोघांचं उत्पन्न, दोघांची मालमत्ता, दोघांचं वागणं आणि प्रकरणातली इतर परिस्थिती पाहून रक्कम ठरवतं. गरज वाटली तर देणाऱ्याच्या घरा-जमिनीवर त्या रकमेचा बोजाही चढवता येतो.

म्हणजे नवऱ्याचा हक्क कुठल्या नव्या निकालाने जन्माला आलेला नाही. तो 1955 पासून कायद्याच्या पुस्तकात आहे. बायका मोठ्या पगारावर जाऊ लागल्या तेव्हा तो वापरात आला, इतकंच.

लग्नाचा दाखला काढून बघा

पोटगीचा विषय निघाला की सगळे पगाराच्या स्लिपा काढतात. माझं सांगणं, आधी लग्नाचा दाखला काढा आणि वरती कुठल्या कायद्याचं नाव आहे ते वाचा. नवऱ्याच्या बाबतीत निम्मा निकाल तिथेच लागतो.

हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख पद्धतीने लग्न झालं असेल तर साधारणपणे हिंदू विवाह कायदा लागतो आणि नवरा पोटगी मागू शकतो. पण लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर चित्र पालटतं. त्या कायद्यात पोटगीची कलमं 36 आणि 37 ही आहेत आणि दोन्ही फक्त पत्नीसाठी आहेत. नवरा-बायको दोघंही जन्माने हिंदू असले तरी त्याने फरक पडत नाही. लग्न ज्या कायद्याखाली लागलं, त्याच कायद्याने ते मोडतं.

लोक ‘कोर्ट मॅरेज’ आणि ‘रजिस्टर लग्न’ हे शब्द सैल वापरतात, त्यातून इथे मोठा घोळ होतो. हॉलमध्ये सप्तपदी झाली आणि नंतर महापालिकेच्या किंवा निबंधकाच्या कार्यालयात जाऊन महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंद केली, तर ती नुसती नोंद. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचंच राहतं. पण विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस लावून, तीस दिवस थांबून, तीन साक्षीदारांसमोर सह्या करून लग्न केलं असेल तर ते विशेष विवाह कायद्याखालचं. आधी विधिवत झालेलं लग्न नंतर विशेष विवाह कायद्याखाली नोंदवून घेतलं, तर तेही त्याच कायद्याखाली झालं असं धरतात. परदेशी व्हिसासाठी कुणीतरी सुचवलं म्हणून असं करून घेतलेली जोडपी आहेत. आपण कायदा बदलला हे त्यांच्या गावीही नसतं.

बाकीच्या कायद्यांचं थोडक्यात. पारशी विवाह कायद्यात 1988 च्या दुरुस्तीनंतर नवराही पोटगी मागू शकतो. ख्रिश्चनांना लागणाऱ्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात ही सोय फक्त पत्नीला आहे. मुस्लिम कायद्यातही घटस्फोटित नवऱ्याला पोटगीचा हक्क नाही.

‘कमी’ आणि ‘अपुरं’ यांत फार अंतर आहे

आता मुख्य मुद्द्याकडे. नवऱ्याचा पगार 40,000, बायकोचा 1,50,000. नवऱ्याला पोटगी मिळेल?

बहुतेक नाही. कलम 24 तुलना करत नाही. ते विचारतं, या माणसाच्या निर्वाहाला पुरेल असं उत्पन्न त्याच्याकडे आहे का? चाळीस हजारात एकटा माणूस साधेपणाने राहू शकत असेल, तर बायको दीड लाख मिळवते की पाच लाख, याने त्याच्या बाजूचं उत्तर बदलत नाही. पोटगी म्हणजे भावाभावांतली वाटणी नाही, की एकाच्या वाट्याला विहीर आली म्हणून दुसऱ्याला तेवढ्याच मोलाचा तुकडा मिळावा.

हे तत्त्व बायकांनाही लागतं. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रेल्वेत वरिष्ठ पदावर असलेल्या एका पत्नीची कायम पोटगीची मागणी फेटाळली. पोटगी ही दोन सक्षम माणसांची आर्थिक बरोबरी करून देण्यासाठी नाही, असं तिथे न्यायालयाने म्हटलं.

‘पण लग्नात जे राहणीमान होतं ते टिकवायला हवं ना?’ हा पुढचा प्रश्न. राहणीमान पाहतात, हे खरं. पण ते पाहिलं जातं रक्कम ठरवताना. आधी अर्जदार स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही, हे दिसावं लागतं. तिथेच गाडी अडली तर रकमेपर्यंत प्रकरण पोचतच नाही. कायम पोटगीत, म्हणजे कलम 25 मध्ये, कोर्टाला जरा जास्त मोकळीक आहे, कारण तिथे दोघांची मालमत्ता आणि एकूण परिस्थिती समोर ठेवायची असते. तरीही ‘ती जास्त कमावते’ एवढ्या एका वाक्यावर काही हाती लागेल, अशी आशा धरू नये.

धडधाकट माणसाला कोर्ट काय विचारतं

‘तू काम का करत नाहीस?’ हे विचारतं.

मुंबई उच्च न्यायालयाने 1992 मध्येच सांगून ठेवलं आहे की बायको मिळवते म्हणून नवऱ्याने रिकामं बसावं असं होत नाही. अंगात ताकद आणि हातात कौशल्य असेल, तर शारीरिक किंवा मानसिक कारणाने आपण कमवू शकत नाही हे त्याने दाखवायला हवं. मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे एक रिक्षाचालक आला होता. त्याने स्वतःहून रिक्षा चालवणं बंद केलं आणि मग पोटगी मागितली. स्वतःच्या हाताने स्वतःला कमाईपासून तोडणाऱ्याला पोटगी मागता येणार नाही, असं सांगून न्यायालयाने त्याला परत पाठवलं. 2023 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात कोविडच्या काळात नोकरी गेलेल्या एकाने महिना दोन लाख मागितले. तोही रिकाम्या हाताने गेला. त्याला दिलं तर आळसाला उत्तेजन मिळेल, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

म्हणून घटस्फोटाची नोटीस येताच राजीनामा देण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर तो कानाआड करा. राजीनाम्याची तारीख आणि नोटिसीची तारीख शेजारीशेजारी ठेवली की उलटतपासणीत पुढचं सगळं उघडं पडतं. वर नोकरी गेलेली असते ती वेगळीच.

इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. ‘धडधाकट’ हा शब्द कलमात कुठेही नाही. कलम फक्त पुरेसं उत्पन्न आहे का एवढंच विचारतं. कमावण्याची असमर्थता दाखवायची अट न्यायालयांनी निकालांतून घातली आणि पुरुषांच्या बाबतीत ती जास्त कडक लावली. माझ्या मते अट योग्य आहे, पण ती लावताना माणसाचं वय, पडलेला खंड आणि बाजारात त्याला खरंच काय काम मिळेल, हेही बघितलं पाहिजे. पन्नाशीतल्या, पंधरा वर्षं काम सोडून असलेल्या माणसाला ‘तब्येत बरी आहे ना, मग कमव’ म्हणणं सोपं आहे.

मग पोटगी मिळते कुणाला?

आजारपण हे सगळ्यात ठळक कारण. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याणच्या कोर्टाचा एक आदेश कायम केला. नवरा आजारांमुळे काम करू शकत नव्हता, बायको बँकेत मॅनेजर होती. तिने महिना 10,000 रुपये द्यायचे होते. आपण ती नोकरी सोडली आहे, घराचं कर्ज आहे, लहान मूल आहे, असं तिचं म्हणणं होतं. पण सध्या आपलं काहीच उत्पन्न नाही असं तिने म्हटलं नव्हतं आणि खर्च ती कशातून भागवते हे समोर आलं नाही.

दुसरी परिस्थिती धंद्याची. दोघांच्या संसारात उभा राहिलेला धंदा एकाच्या हातात राहतो आणि दुसरा उघड्यावर येतो. दिल्ली उच्च न्यायालयासमोर 2011 मध्ये आलेल्या प्रकरणात बायको पेइंग गेस्टचा व्यवसाय चालवत होती. नवऱ्याला महिना 20,000 रुपये, दाव्याच्या खर्चासाठी 10,000 आणि वापरायला एक गाडी, असा खालच्या कोर्टाचा आदेश तिथे टिकला.

नांदेडच्या प्रकरणात नवऱ्याची बाजू अशी होती की त्याला उत्पन्न नाही, बायकोला शिकायला त्याने पाठबळ दिलं, घर सांभाळलं, स्वतःच्या इच्छा बाजूला ठेवल्या. बायकोचं म्हणणं होतं की तो किराणा दुकान चालवतो, रिक्षा भाड्याने देतो आणि मुलीचा भार तिच्यावर आहे. यातलं खरं काय, याचा शेवटचा निवाडा त्या आदेशाने केलेला नव्हता. आदेश अंतरिम होता. बातम्यांच्या मथळ्यांतून हा तपशील गळला आणि महिना 3,000 रुपयांची तात्पुरती सोय म्हणजे पुरुषांचा मोठा विजय असं चित्र तयार झालं.

‘मुलासाठी मी घरी थांबलो’

हा प्रश्न यापुढे जास्त येणार आहे. बायकोची बदली झाली, तिच्या मागे नवरा नोकरी सोडून गेला. किंवा बाळ झाल्यावर दोघांनी हिशेब केला, तिचा पगार मोठा, म्हणून तो घरी राहिला. दहा वर्षांनी संसार मोडला. आता याचं काय?

घर सांभाळणाऱ्या बायकोबद्दल न्यायालयं मान्य करतात की तिने कमाईची वर्षं संसाराला दिली आणि मध्येच बाहेर पडून एकदम नोकरी मिळत नाही. हेच माप घर सांभाळणाऱ्या नवऱ्याला लावायला हिंदू विवाह कायद्याचे शब्द अजिबात आड येत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की ते लावलं पाहिजे. मुलाचे डबे भरणं, ताप आला की रात्र जागणं, सासूबाईंना डायलिसिसला नेणं, हे काम पुरुषाने केलं म्हणून त्याची किंमत उतरत नाही.

अडचण पुराव्याची आहे. बायको घर सांभाळत होती हे कोर्टाला पटकन पटतं. नवऱ्याला ते दाखवावं लागतं. नोकरी कधी सोडली, त्या वेळी मूल केवढं होतं, पालकसभेच्या नोंदवहीत सही कुणाची, लसीकरणाला कोण गेलं, बदलीच्या सुमारास दोघांत काय मेसेज झाले. ‘आपण दोघांनी ठरवलं’ हे तिच्याच शब्दांत कुठे लिहिलेलं असेल, तर नोकरी आळसाने सोडली नव्हती हे त्यातून दिसतं.

‘माझ्यावरही कर्ज आहे, मूल आहे’

हा बायकोच्या बाजूचा आक्षेप आणि तो वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या निकालात घालून दिलेल्या पद्धतीनुसार पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र भरावं लागतं. त्यात काय येतं? पगार, भाड्याचं उत्पन्न, मुदत ठेवी, सोनं, गाडी, म्युच्युअल फंड, कर्जाचे हप्ते, कोण कोण अवलंबून आहे, आजार, मुलांच्या शाळेची फी. जोडीला मागच्या वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं आणि बँकेचे खातेउतारे. लपवाछपवी सापडली तर कोर्ट लपवणाऱ्याविरुद्ध तर्क काढू शकतं, खोट्या शपथपत्राची वेगळी कारवाईही होऊ शकते.

या कागदांत बायकोच्या हातात खरोखर काय उरतं ते दिसतं. एकटी मूल वाढवत असेल, आईवडील तिच्यावर असतील, तर तिचा लाखाचा पगार लाखाचा राहत नाही. उलट, प्रकरण कोर्टात आल्यावर मुद्दाम काढलेलं नव्या गाडीचं कर्ज फारसं उपयोगी पडत नाही.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कलम 24 म्हणतं. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणूनच 2020 च्या त्याच निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरलं. निकाल उशिरा लागला की थकबाकीचा आकडा एकदम अंगावर येतो, तो असा.

हा पुरुषांवर अन्याय नाही का?

काही बाबतीत कायदा सरळसरळ वेगवेगळा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे पूर्वीचं फौजदारी संहितेचं प्रसिद्ध कलम 125, पत्नीला, मुलांना आणि आईवडिलांना निर्वाहखर्च देतं. पतीला देत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा स्त्रियांसाठी आहे. राज्यघटनेचं कलम 15(3) स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतुदी करायला परवानगी देतं, त्यामुळे हे घटनाबाह्य ठरत नाही.

याचा परिणाम फारसा बोलला जात नाही. पत्नी घटस्फोट न घेताही निर्वाहखर्च मागू शकते. पतीला मात्र आधी हिंदू विवाह कायद्याखाली काही तरी दावा चालू असावा किंवा हुकूमनामा झालेला असावा लागतो. आणि घटस्फोटाचा अर्जच फेटाळला गेला तर कलम 25 खाली कायम पोटगी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये स्पष्ट केलं. पत्नीला तेव्हाही दुसरे मार्ग असतात. पतीला उरत नाहीत.

तरी मला हा फरक निव्वळ पक्षपात वाटत नाही. आपल्याकडे लग्नानंतर नोकरी, गाव आणि माहेरच्या मालमत्तेवरचा दावा सोडतात त्या प्रामुख्याने बायका. कायदा त्या वस्तुस्थितीकडे बघून बनला. पण विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्या अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला दमडीही मागता येऊ नये आणि हिंदू विवाह कायद्याखालच्याला यावी, याचं समर्थन मला सापडत नाही. ती कलमं बदलायला हवीत.

घटस्फोट झाला, आता संबंध काय?

नांदेडच्या शिक्षिकेचाही हाच युक्तिवाद होता. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी तो मान्य केला नाही, कारण कलम 25 मध्ये हुकूमनाम्यानंतर ‘कधीही’ असं म्हटलं आहे. म्हणून परस्परसंमतीने वेगळं होताना पोटगीचं काय ठरलं, हे संमतीच्या अटींत स्वच्छ लिहून घेणं दोघांच्याही हिताचं.

वागणुकीचं म्हणाल, तर कायम पोटगीत ती बघितली जाते. मारहाण करणारा, वर्षानुवर्षं फिरकलाही नाही असा नवरा मागायला आला तर ते त्याच्याविरुद्ध जातं. पोटगी सुरू झाल्यावर त्याने दुसरं लग्न केलं किंवा लग्नाबाहेर एखाद्या स्त्रीशी संबंध ठेवले, तर बायको कोर्टात जाऊन ती कमी किंवा बंद करून मागू शकते. त्याला पुन्हा नोकरी लागली किंवा तिची गेली, तरी परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलता येते.

मुलांचा खर्च वेगळा मागा

शेवटी एक गोष्ट, जी कमी कमावणाऱ्या बापांना बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. मूल त्याच्याजवळ राहत असेल, तर मुलाच्या शाळेचा, औषधांचा, राहण्याचा खर्च तो आईकडे मागू शकतो. हिंदू कायद्यात मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे. विशेष विवाह कायद्याच्या कलम 38 मध्येही मुलांच्या पालनपोषणाचे आदेश देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. या मागणीत बाप धडधाकट आहे की नाही, हा प्रश्न दार अडवत नाही. आणि इथे दोघांच्या पगाराची तुलना खरोखर कामाची ठरते, कारण खर्च कुणी किती उचलायचा ते त्या प्रमाणात ठरवता येतं. वर घेतलेल्या उदाहरणातल्या चाळीस हजारवाल्या नवऱ्याला स्वतःसाठी कदाचित काहीच मिळणार नाही, पण मुलगी त्याच्याकडे असेल तर तिच्या फीचा मोठा वाटा आईने द्यावा, ही मागणी तो रास्तपणे करू शकतो. अर्ज करताना ती स्वतंत्र परिच्छेदात, मुलाच्या नावाने आणि पावत्यांसह मांडावी. स्वतःच्या पोटगीत मिसळली की दोन्ही मागण्या कमजोर होतात.